सोमवारची गोळी आणि बाईंचं उद्यापन

सोमवारी सकाळी फोनवर बोलता बोलता पलीकडून बशीतला चहा ओढल्याचा आवाज आला, आणि माझं डोकंच फिरलं.

“बाई, तुम्ही चहा पिऊन राह्यल्या?”

पलीकडे बशी खाली ठेवल्याचा आवाज.

“नाही वो. पाणी पेली मी.”

“पाण्याचा असा आवाज येते? मले का येडी समजता?”

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. लग्न करून या घरात आल्या दिवसापासून मी त्यांना बाई म्हणते आणि अहोजाहो करते, भांडतानासुद्धा. त्या बोरी अरबला असतात. कापूस, सोयाबीन, तूर, गडी-मजूर, लेक-सून, सगळा कारभार त्यांच्या हातात. मी यवतमाळात. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेली, नाकावर राग असलेली. तो राग साहेबांनाही माहीत होता आणि शिपायालाही, मी काही लपवून ठेवला नाही.

आता एका घोट चहासाठी एवढा तमाशा कशाला, असं कोणी म्हणेल. तर ऐका.

आमच्या दोघींची हाडं एकाच वर्षी दगा देऊन गेली. मी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. बाईंचं त्याहून वाईट झालं. बैलांसाठी कुटाराचं म्हणजे भुशाचं टोपलं उचलायला त्या कमरेतून वाकल्या आणि पाठीत कट्‌कन आवाज झाला. मणका दबला होता. पडल्या नाहीत, धडकल्या नाहीत, नुसतं टोपलं उचललं. आख्खा पावसाळा त्यांनी खाटेवर काढला. डॉक्टरांनी दोघींनाही हाडं मोजायच्या मशीनखाली निजवलं आणि सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत, आता औषध घ्यावं लागेल.

त्या वर्षी कापसाच्या पहिल्या वेचणीला बाई शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. आमच्याकडे पहिलं बोंड वेचायच्या आधी सीतादही करतात. शेतात लहान लहान दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, हात जोडायचे आणि मगच कापसाला हात लावायचा. घरच्या बाईचा तो मान. या घरात पाऊल टाकल्यापासून तो मान बाईंचा होता. त्या दिवशी सुनेनं केलं. चांगलं केलं पोरीनं, काही चुकलं नाही. पण बाईंचा चेहरा मला पाहवेना.

“मले परत माझ्या हातानं करायचं हाय,” त्या मला हळूच म्हणाल्या. “कोणाचा हात न धरता खाली बसायचं अन् कोणाचा हात न धरता उठायचं. दुसरं काही मागत नाही मी देवाले.”

मी म्हटलं, होईल बाई, गोळ्या घेऊ आपण दोघी. तेव्हापासून माझ्या जिवाला हा एकच घोर लागला. माझं मनगट काय, जुळून आलं. बाई परत मातीत बसतात की नाही, तेवढंच मला पाहायचं होतं.

गोळी आठवड्यातून एकच, पण तिचे नखरे फार. सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी घ्यायची, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. चहा तर नाहीच. आता वऱ्हाडात माणूस डोळे उघडतो तोच चहासाठी. बाईंच्या अंगणात तर सकाळी कोणी ना कोणी टपकलेलाच असतो, आणि तो म्हणतो, तुम्ही घेतल्याशिवाय मी कसा घेऊ? म्हणून मी युक्ती काढली. दोघींनी एकाच वारी गोळी घ्यायची आणि तो अर्धा तास फोनवर बोलत काढायचा. एकीनं दुसरीवर पाळत ठेवायची. वार बाईंनी ठरवला. सोमवारी त्यांचा उपास असायचाच, पोट रिकामं, म्हणजे लक्षात राहायची भानगड नाही.

आणि तिथंच घोळ झाला.

चहाचा आवाज ऐकला त्याच दिवशी मी एसटी धरली आणि बोरीला उतरले. बाई खाटेवर ताठ बसून तूर निवडत होत्या. मला पाहून हसल्या. मी हसले नाही.

“गोळी काहून सोडली?”

“सोडली कुठं? पूर्ण झाली ना,” बाई शांतपणे म्हणाल्या. “सोळा सोमवार झाले. मंग उद्यापन केलं. चुरमा केला, जोडपी जेवू घातली. तुले बोलावलं होतं, तूच नाही आली.”

बोलावणं आलं होतं खरं. मला वाटलं, महादेवाचं उद्यापन आहे.

“मी समजली महादेवाचं हाय!”

“महादेवाचंच हाय. गोळी त्याच्याच नावानं घेत होती मी. एका पट्टीत चार गोळ्या, चार पट्ट्या झाल्या. हिशेब त्यानंच तर बसवून देल्ला.”

सून दारामागे तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती आत पळाली. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. म्हटलं, महादेव पावला असंल, पण मणक्याले कोण समजावंल? हाडं काय चुरमा खाऊन भरते? आठवडे झाले तुम्ही गोळी बंद करून, अन् दर सोमवारी फोनवर माझ्याशी खोटं बोलून राह्यल्या? बाईंनी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला, मला पूर्ण ओरडू दिलं. माझं संपल्यावर म्हणाल्या,

“बरं. मंग किती सोमवार, ते सांग.”

मी पिशवीतली पाण्याची बाटली शोधू लागले.

“सांग ना. तू शिकेल हायेस. किती?”

मला कुठं माहीत होतं? डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मी घेत होते. किती दिवस, हे मी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे तापाची गोळी ताप उतरला की बंद, आणि बीपीची गोळी जलमभर. मधलं काही आपल्याला ठाऊकच नसतं.

“ज्याले उद्यापन नाही ते मी धरत नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. “जलमभर गोळी म्हणजे जलमभर दुखणं. म्हणजे त्या डॉक्टरनं माही आशाच सोडली. मंग मी मातीत कधी बसीन वो?”

हे ऐकलं आणि माझा सगळा राग उतरला. बाई आळस करत नव्हत्या, घाबरल्या होत्या. शेवट नसलेलं औषध म्हणजे शेवट नसलेलं आजारपण, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यात गावातल्या कोणीतरी सांगितलं होतं की ही गोळी जबडा खाते. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि त्यांची तूर निवडू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन यवतमाळला आले आणि सरळ डॉक्टरांसमोर बसवलं.

डॉक्टर तरणा माणूस. बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही, एकच विचारलं, “उद्यापन कधी?”

डॉक्टर आधी हसले. मग आमचे चेहरे पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळी गोष्ट ऐकून घेतली. आपण मुदत सांगितली नाही ही आपली चूक, असंही म्हणाले. डॉक्टराच्या तोंडून असं ऐकायची सवय नसते, मी पाहतच राहिले.

“आजी, पाच वर्षं,” ते म्हणाले. “रोज नाही, फक्त सोमवारी. पाच वर्षांनी परत मशीनखाली निजायचं, हाडं मोजायची. खुब्याचं हाड सुधारलं असेल, मध्ये कुठं काही मोडलं नसेल, तर गोळीला सुटी देता येते. नसेल सुधारलं, तर आणखी काही वर्षं. ते तेव्हा प्रत्येकीचं वेगळं ठरतं.”

“अन् जबडा?” बाईंनी विचारलं.

“फार क्वचित होतं. मांडीच्या हाडाला तडा जातो, तोही क्वचितच, वर्षानुवर्षं घेत राहिलं तर. म्हणूनच तर आपण मध्ये थांबून मोजतो, आंधळेपणानं देत नाही. दात काढायचा असेल तर आधी मला सांगा. मांडी नाहीतर जांघ सारखी दुखली तर लगेच या. पण तुमचा मणका एकदा दबला आहे. गोळी सोडली तर दुसरा दबायची भीती त्या जबड्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.”

“मंग सुटीत हाडं परत ठिसूळ होत नाही?”

“लगेच नाही. हे औषध हाडात मुरतं. गोळी थांबवली तरी काही काळ पुरतं.”

“लोणच्यासारखं?”

“तसंच समजा.”

लोणचं बाईंना पटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि उठता उठता म्हणाल्या, “पाच वर्षं कबूल. पण उद्यापन मीच करीन, अन् शेतात करीन.”

मग काय विचारता. बाईंनी एकदा शब्द दिला की दिला. आता चहाला आलेल्या माणसाला त्या अंगणात ताटकळत ठेवू लागल्या. “माहा अर्धा तास व्हायचा हाय, बसा गपचूप,” असं भल्याभल्यांना ऐकवलं त्यांनी. मी फोनवर इकडून हसायची. त्या अर्ध्या तासात आम्ही काय नाही बोललो! कापसाला काय भाव निघाला, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, सासूबाईंनी कोणाला जास्त छळलं. या शेवटच्या विषयावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. उभ्या जन्मात आम्ही दोघी एवढं बोललो नव्हतो. एका घरात होतो तेव्हा कामं होती, आणि वेगळ्या झालो तेव्हा अंतर होतं.

नुसत्या गोळीनं भागत नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. कॅल्शियम वेगळ्या वेळी, ऊन अंगावर घ्यायचं, चालायचं, आणि बसून उठायचा सराव करायचा. वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. बाई आधी खाटेवरून हात न टेकता उठायला शिकल्या. मग खुर्चीवरून. मग एक दिवस फोनवर नुसतंच म्हणाल्या, “आज पाटावरून उठली.” मी इकडे एकटीनंच टाळ्या पिटल्या. जमिनीवरून मात्र जमत नव्हतं. पहिल्या वेचणीला दर वर्षी त्या खुर्चीत, आणि दर वर्षी सून पुढे होताना बाईंकडे एकदा बघायची. बाई मान हलवायच्या, कर माय, म्हणायच्या.

अशी पाच वर्षं गेली.

परत मशीन झालं. रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टरांनी आधी माझे कागद पाहिले. खुबा चांगला, मनगटानंतर कुठं काही मोडलं नाही, गोळीला सुटी. पण परत मोजायला यायचं, आणि गरज पडली तर पुन्हा सुरू करायची. मग बाईंचे कागद. ते पाहायला त्यांनी वेळ लावला.

“आजी, तुमची गोळी मी बंद करत नाही,” ते म्हणाले. “तुमचा मणका आधी दबलेला आहे, वयही जास्त आहे. तुम्हाला सुटी देणं मला धोक्याचं वाटतं. आणखी काही वर्षं घ्यावी लागेल.”

मला रडूच कोसळलं. ज्या बाईनं एवढ्या जिद्दीनं पाच वर्षं काढली तिला नाही, आणि माझ्यासारख्या चिडक्या बाईला सुटी! मी डॉक्टरांशी भांडायच्या तयारीत होते. पण बाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

“थांब तू,” त्या मला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. “हाड चढलं का उतरलं?”

“चढलं. चांगलं चढलं.”

“मधात दुसरं काही मोडलं?”

“काहीच नाही. तुमच्यासारख्या पेशंटचं हे फार मोठं यश आहे, आजी.”

“मंग शेतात मातीत बसू का?”

“जड उचलायचं नाही. झटका द्यायचा नाही. पाठ ताठ, गुडघ्यातून खाली. मग बसा, खुशाल बसा.”

“झालं तर!” बाई म्हणाल्या. “गोळीचं काय घेऊन बसले? घेत जाईन.” बाहेर आल्यावर मला दटावलं, “तुही गोळी सुटली अन् तूच रडून राह्यली? डोळे पूस आधी. लोक समजतीन डॉक्टरनं हात टेकले.” आणि एवढ्या जोरात हसल्या की बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. सोळा सोमवारांनंतर जी बाई ‘शेवट सांग’ म्हणून अडून बसली होती, तिला आता शेवटाची गरजच राहिली नव्हती. हाडं धरून आहेत, एवढं कळलं आणि तिची भीती गेली.

माझ्या सुटीची बातमी आमच्या गल्लीत पसरली. शेजारीण लगबगीनं आली. तिला सहा महिन्यांनी एकदा हाडांचं इंजेक्शन असतं. म्हणाली, तुमचं बंद झालं, मग मीही यावेळचं सोडते. मी तिला तिथल्या तिथं झापलं. प्रत्येकीचं वेगळं असतं, हे मी बाईंच्या निमित्तानं नुकतंच शिकले होते. तिला हाताला धरून तिच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की हे इंजेक्शन गोळीसारखं मुरून राहत नाही. चुकवलं तर कमावलेलं झपाट्यानं जातं, पाठीचे मणके दबू शकतात, आणि बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध लावूनच. शेजारीण परत येताना माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेवभाजी घेऊन आली.

बाईंचा जमिनीवरून उठायचा सराव अजून सुनेचा हात धरूनच चालू होता. दिवाळीच्या आसपास त्यांचा फोन आला. “कापूस फुटला. सोमवारी वेचणी धरली हाय. तू रविवारीच ये.”

“सोमवारी कायले? तुमची गोळी असते.”

“म्हूनच.”

सोमवारी उजाडायच्या सुमारास आम्ही शेतात पोचलो. ओळीच्या ओळी पांढऱ्या झालेल्या, मधूनमधून तुरीच्या ओळी, आमच्याकडची तासं. वेचणाऱ्या बाया आधीच येऊन थांबल्या होत्या. धुऱ्यावर ती प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती, लेकानं सवयीनं आणली असेल. बाईंनी ती पाहिली आणि उचलून बाजूला ठेवायला लावली. मग पदराची गाठ सोडून गोळी काढली, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि धुऱ्यावर ताठ उभं राहून गोळी गिळली.

“आता अर्धा तास थांबा,” त्यांनी जाहीर केलं. “मले वाकाचं नाही. अन् माह्याआधी कोणी कापसाले हात लावाचा नाही.”

बाया हसायला लागल्या. “अवो मालकीणबाई, दिवस वर येते ना!” एकजण ओरडली. “येऊ दे,” बाई म्हणाल्या, “तो कुठं पळून जाते?” आणि अख्खं शेत, लेक, सून, बाया, मी, सगळे त्या एका गोळीसाठी उभे राहिलो. मी शेजारी उभी होते. बाई ओठ मिटून समोरच्या कापसाकडे पाहत होत्या. त्यांना भीती वाटत होती, मला दिसत होतं. मला तर त्यांच्याहून जास्त वाटत होती.

वेळ झाली. बाईंनी चपला काढल्या. पाठ ताठ ठेवून एक गुडघा हळूहळू खाली आणला, मग दुसरा, आणि काळ्या मातीत बसल्या. स्वतःच्या हातानं दगड मांडले. हळद लावली, कुंकू लावलं, दहीभात ठेवला. हात जोडून किती तरी वेळ डोळे मिटून बसल्या. सुनेनं नकळत दोन पावलं पुढे टाकली आणि हात पुढे केला.

“हात मागं घे,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

सून जागीच थबकली. बाईंनी डोळे उघडले. एक पाय पुढे घेतला, तळवा मातीत घट्ट रोवला, स्वतःच्याच मांडीवर दोन्ही हात दाबले. क्षणभर तशाच राहिल्या. त्यांचा गुडघा थरथरला, मग थरथरायचा थांबला, आणि बाई उठल्या. कोणाचा हात न धरता, सरळ, जवळजवळ जुन्या उंचीच्या. पुढे होऊन त्यांनी फुटलेलं पहिलं बोंड वेचलं आणि ओटीत टाकलं. बायांनी एकच गलका केला, लेकानं डोळ्याला रुमाल लावला, आणि मी काय केलं ते सांगत नाही.

मग बाई धुऱ्यावर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“चहा आण.”

मी थर्मास उघडला. घरून निघताना रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलेली बशी काढली, ती भरून त्यांच्या हातात दिली. बाईंनी बशी ओठाला लावली आणि असा दणदणीत घोट ओढला की पार पलीकडच्या तासातल्या बाया वळून पाहायला लागल्या.

“आला का आवाज?” बाईंनी विचारलं.

“आला, बाई,” मी म्हटलं.